आपला पेला आपण भरू नये

आमच्या हॉलमध्ये डोक्यावर टोपी ठेवून आत येणाऱ्याची धडगत नसते. दारावर तशी पाटी नाही आणि नव्याला कुणी आधी सांगतही नाही, कारण सांगितलं तर मग मजा काय राहिली? टोपी दिसली की काउंटरवरची पितळी घंटा वाजते. मग टोपीवाल्याने सगळ्यांना एकेक पेला पाजायचा आणि जुन्या पोस्टिंगजवळच्या एखाद्या बारची गोष्ट सांगायची. पेला पाजायची रीत माजी सैनिकांच्या बहुतेक हॉलांत आहे. गोष्टीची भर मात्र आमच्या टेक्सासमधल्या किलीन गावच्या मंडळींची. या लोकांना लढाईबद्दल विचारलं तर खिडकीबाहेर बघत बसतात. बारबद्दल विचारलं की म्हातारे पोरांसारखे उड्या मारतात.

शनिवारी दुपारी काउंटरमागे मी उभी असते. पगार नाही, हौस आहे. त्यामुळे या गोष्टी मला पाठ आहेत. ओडेलचा जर्मनीतला बार दरवर्षी दोन टेबलांनी मोठा होतो, आणि त्या बारच्या मालकाची आई, जी सैनिकांना जेवल्याशिवाय बिअर देत नसे, ती दरवर्षी जास्त तापट होते. रामिरोच्या पनामातल्या बारमध्ये एक पोपट होता. तो सार्जंटच्या आवाजात शिव्या द्यायचा म्हणे. पोपटाने एकदा खऱ्या सार्जंटला शिवी दिली आणि सगळ्या प्लाटूनला शिक्षा झाली, इथवर गोष्ट आली की मी रामिरोच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवते. म्हणजे पुरे.

माझं नाव सुन-दॉक. ते यांच्यापैकी एकाच्याही जिभेला जमलं नाही, म्हणून मी सनी. नवऱ्यानेच ठेवलं ते नाव. माझा नवरा व्हर्लन प्रुइट, इथलाच, टेक्सासचा. चांगला माणूस, असं त्या शनिवारपर्यंत मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं.

हॉलला मी एकच नियम शिकवला. आमच्याकडे, कोरियात, आपला पेला आपण भरत नाहीत. शेजारच्याने भरायचा, आपण दोन्ही हातांनी पुढे धरायचा. आपणच आपला भरला तर समोर बसलेल्याचं नशीब तीन वर्षं फुटकं. सुरुवातीला हे सगळे हसले. मग ओडेलने एकदा स्वतःच बाटली उचलली आणि समोर बसलेल्या रामिरोचा ट्रक त्याच आठवड्यात चोरीला गेला. तेव्हापासून इथे कुणी बाटलीला हात लावत नाही. रिकामे पेले पुढे करून लहान मुलांसारखे बसतात आणि मी भरते.

त्या शनिवारी व्हर्लन हॉलच्या मागे भट्टीवर होता. पहाटेपासून त्याने मांस धुरावर ठेवलं होतं, आणि मांस धुरावर असताना त्याला देवानेही हाक मारली तरी तो हलत नाही. आत आम्ही पाच-सहाजण. एवढ्यात दार उघडून एक जाड, लालबुंद म्हातारा आत आला, डोक्यावर घामाने काळी पडलेली टोपी. रामिरोने घंटा इतक्या जोरात ओढली की ती हातातच यायची.

"काय केलं मी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"डोकं झाकलंस," ओडेल म्हणाला. "आता खिसा उघड."

तो खळखळून हसला. लाइल हटो त्याचं नाव, ओक्लाहोमाहून आला होता. मुलीच्या नवऱ्याची बदली इथल्या छावणीत झाली होती, तिच्याकडे राहायला. "तुमच्यात व्हर्लन प्रुइट म्हणून कुणी आहे ना? आम्ही कोरियात एका वेळी होतो. मी छावणीच्या इस्पितळात होतो, मेडिक."

"मागे भट्टीवर आहे," रामिरो म्हणाला. "येईल मांस घेऊन. चकित करू त्याला. तोवर तुझी गोष्ट होऊ दे. बारचीच पाहिजे."

"बारचीच सांगतो," हटो स्टुलावर बसत म्हणाला. "मॅग्नोलिया."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

मॅग्नोलिया माझ्या ऑन्नीचा बार. आमच्याकडे थोरल्या बहिणीला नावाने हाक मारत नाहीत, ऑन्नी म्हणतात. माझ्या ऑन्नीचं नाव गुम-ओक, पण ते मी कधी तोंडानं उच्चारलं नाही. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. दोंगदुचॉनमध्ये छावणीच्या दरवाज्यापासून खाली उतरणाऱ्या गल्लीत तिने तो बार थाटला, सहा टेबलांचा. गल्लीतले बाकीचे बार पाणी घालायचे, नकली माल खऱ्या बाटल्यांत भरायचे. ऑन्नी नाही. "पोरं घरापासून लांब आलीत, त्यांना निदान दारू तरी खरी मिळू दे," म्हणायची. आणि आता एवढ्या वर्षांनी, जगाच्या दुसऱ्या टोकाला, एक अनोळखी माणूस तिच्या बारचं नाव घेत होता. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं.

हटोने मला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा? किलीनमध्ये कुरळे केस आणि जाड भिंगाचा चष्मा लावलेली कोरियन म्हातारी प्रत्येक काउंटरमागे सापडते. मीही त्याला ओळखलं नव्हतं.

"दुसरा एखादा बार सांग ना," ओडेल मध्येच म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. "तुम्ही मेडिक लोक तर गावभर हिंडायचात."

"सांगू दे की त्याला," मी म्हटलं. "मॅग्नोलियाचं मला ऐकायचंय."

 मला वाटलं, ओडेलला त्याच्या जर्मन म्हातारीची गोष्ट सांगायची घाई झाली असेल.

हटोने सगळं बरोब्बर सांगितलं. उंच मालकीण, कानात हिरव्या दगडाचे डूल, तिच्या रेकॉर्डप्लेयरला हात लावायची कुणाची छाती नव्हती. सैनिक रडायला लागला की ती त्याला वाळवलेल्या माशांचं गरम सूप द्यायची आणि त्याचे पैसे लावायची नाही. मी पुढे सरकून काउंटरवर कोपरं टेकली. सांगून टाकावं, ती माझी ऑन्नी, असं ओठांवर आलं होतं. म्हटलं, आधी गोष्ट संपू दे, मग याला चांगला धक्का देऊ.

"आता त्या मालकिणीला एक धाकटी बहीण होती," हटो म्हणाला. "आणि आपला व्हर्लन त्या बहिणीपायी पार वेडा झालेला. ती काही हो म्हणेना. ताईला एकटीला टाकून येणार नाही, बार कोण बघणार, हेच तिचं पालुपद. दोनदा विचारलं यानं, दोन्ही वेळा नाही. इकडे याची परत जायची तारीख जवळ आलेली. तर मग या पठ्ठ्याने काय करावं?"

दोनदा नाही म्हटलं होतं, हे खरं. पुढचं मला माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. पुढचं असं. एके संध्याकाळी गल्लीतली वीज गेली. मेणबत्तीच्या उजेडात मी व्हर्लनला व्हिस्की ओतून दिली. तासाभरात तो छावणीच्या दारात ओकत पडला, हिरवा-पिवळा, आणि त्याला इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी लष्करी पोलीस आले. इकडे-तिकडे न बघता सरळ काउंटरखाली वाकले आणि ऑन्नीची स्पिरिटची बाटली काढली. टेबलं पुसायचं स्पिरिट. ते ती व्हिस्कीच्या जुन्या बाटलीत ठेवायची, लेबलसुद्धा न काढता. मग दारावर फळी ठोकली, सैनिकांना प्रवेश बंद. त्या गल्लीत सैनिक आला नाही तर कुत्रंही येत नाही. ऑन्नीने आधी रेकॉर्डप्लेयर विकला, मग खुर्च्या, मग डूल.

अंधारात माझा हात चुकला, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. ऑन्नीने मला एकदाच विचारलं, "कुठली बाटली घेतलीस?" मला खरंच सांगता येईना. आधी वाटलं, वरचीच घेतली. मग वाटलं, खालची असेल. रोज रात्री मी तो हात डोळ्यांपुढे आणायची आणि रोज तो वेगळ्याच बाटलीकडे जायचा.

आणि व्हर्लन? इस्पितळातून सुटल्यावर तो सगळ्यात आधी माझ्याकडे आला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुझी चूक नाही गं. अंधार होता. मी तुला कधीच दोष देणार नाही." ज्याला मी विष पाजलं तोच मला माफ करतोय! अशा माणसाला तिसऱ्यांदा नाही कोण म्हणेल? बारही राहिला नव्हता. ऑन्नी म्हणाली, जा, निदान एक तोंड कमी होईल. मी गेले.

"तर यानं काय करावं?" हटोने पुन्हा विचारलं. सांगणाऱ्याचा हात असा वर गेला की सगळे ऐकतातच. "मी ड्यूटीवर. याला उचलून आणला, काकडीसारखा हिरवा. डॉक्टर विचारतो, काय प्यायलास? हा म्हणतो, मॅग्नोलियात व्हिस्की प्यायलो, काहीतरी भलतंच होतं तिच्यात, त्यांच्या काउंटरखाली बघा. डॉक्टर फोन करायला गेला. मी बादली उचलली. बादलीत बघतो तर काय—"

"तंबाखू!" रामिरो मोठ्याने म्हणाला आणि हसला.

मग त्याने तोंडावर हात घेतला.

हटोला वाटलं, गडी रंगात आलाय. "तंबाखू! चघळायच्या तंबाखूची अख्खी वडी गिळली होती गाढवाने! वरून साबणाचं पाणी. मी म्हटलं, प्रुइट, हे काय? तर म्हणतो, 'लाइल, बोलू नकोस. बार राहिला तर ती येत नाही.' मी नाही बोललो. दोस्त तो दोस्त. आणि बघा, आली की नाही पोरगी? लग्न झालं ना त्याचं तिच्याशी?" त्याने पेला वर केला. "प्रेमासाठी!"

कुणीच पेला उचलला नाही. हटोने एकेकाकडे बघितलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं, या वेळी नीट, आणि त्याचा लाल चेहरा उतरत गेला.

"अरे देवा," तो म्हणाला. "मला वाटलं तिला कधीच... म्हणजे तुम्हाला... इतकी वर्षं झाली. नवरा-बायकोत..."

मी रामिरोकडे वळले. "तुला कसं माहीत तंबाखू?"

रामिरो टेबलाकडे बघत राहिला. 

"मिस सनी," ओडेल हळूच म्हणाला. तो लुइझियानाचा, मला नेहमी मिस सनीच म्हणतो. "तुम्ही नसताना तो कधीकधी सांगायचा. त्याच्यासाठी घंटा वाजली की. आम्ही म्हणायचो, बाबा, बायकोला सांगून टाक एकदा."

"त्याला म्हणायचात. मला का नाही म्हणालात?"

"ते त्याचं होतं सांगायचं."

"आणि हसायचं तुमचं होतं."

ओडेलने मान खाली घातली. मी या लोकांच्या आजारपणात सूप करून नेलं. रामिरोच्या बायकोला मी स्वतःच्या हाताने शेवटची आंघोळ घातली. आणि हे सगळे मी घरी गेल्यावर माझ्या ऑन्नीच्या बरबादीवर पेले रिचवत होते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणारा एक, आणि दिवा धरायला अख्खा हॉल.

राग येताना एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. पोलीस सरळ काउंटरखाली का वाकले, हे कोडं मला इतकी वर्षं पडलं होतं. ती बाटली तिथे असते हे तिघांनाच ठाऊक होतं. ऑन्नीला, मला, आणि त्याला, कारण मीच त्याला एकदा हसत-हसत दाखवली होती. म्हटलं होतं, बघ हं, चुकून ही घेशील तर मरशील. विश्वासाने दाखवलं, आणि त्याने तेच हत्यार केलं.

मागचं दार ढकलून व्हर्लन आत आला. हातात मांसाचं ताट, अंगाला धुराचा वास, चेहऱ्यावर पोराला बक्षीस मिळाल्यासारखा आनंद. हटो दिसताच तो ओरडला, "लाइल! अरे म्हाताऱ्या, जिवंत आहेस?" ताट ठेवून त्याने मिठी मारायला हात पसरले. हटो उठला नाही.

व्हर्लनने सगळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं. विचारावं लागलं नाही, हेच मला सगळ्यात लागलं. म्हणजे हा दिवस येणार हे त्याने धरलंच होतं.

"सनी, घरी जाऊन बोलू."

"इथे सांगितलंस ना सगळ्यांना? मग इथेच बोलू. तंबाखू गिळलीस?"

"मी बावीस वर्षांचा होतो गं."

"गिळलीस की नाही?"

"गिळली." तो माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला. "तुझ्यासाठी केलं. तू आली नसतीस."

"आले असते की नसते, ते माझं मला ठरवू द्यायचंस."

"पण आपलं बरं नाही झालं का? घर झालं, दोन पोरी झाल्या. तुला मी काय कमी केलं? एकदा तरी हात उगारला?"

त्याने ते इतक्या भाबडेपणाने विचारलं की मला त्याची कीवच आली असती. पण मला फोन आठवत होता.

दरवर्षी शरदातल्या आमच्या कोरियन सणाला मी ऑन्नीला फोन करायची. ती तेव्हा दुसऱ्या गावी एका सूपच्या दुकानात भांडी घासत होती. तेव्हा फोन महाग, नंबर लागायचा नाही. व्हर्लन स्वतः नंबर फिरवून द्यायचा आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहायचा, खांद्यावर हात ठेवून. मी दर वेळी रडायची आणि म्हणायची, ऑन्नी, मला माफ कर. ती दर वेळी म्हणायची, "जाऊ दे. तुझा हात कोवळा होता. होतं असं." मग एका सणाला दुकानाच्या मालकाने फोन उचलला आणि ती गेल्याचं सांगितलं.

"तुला कोरियन किती येतं, व्हर्लन?" मी विचारलं.

"काय?"

"बिअर, धन्यवाद, आणि माफ कर. एवढे तीन शब्द तुला तिथेच शिकवले होते मी. येतात ना?"

त्याने हळूच मान हलवली.

"मग मी फोनवर काय म्हणत होते ते तुला कळत होतं. तू खांद्यावर हात ठेवून ऐकत होतास. मी नाही केलेल्या पापाची माफी मागत होते आणि तू मला रुमाल देत होतास."

"मी सांगणार होतो. खरंच. ती गेली, मग म्हटलं आता कशाला."

"ती गेली ते माझ्या हातून बार बुडाला असं समजून गेली. मला तिने माफ केलं. मला! आता तिला कुठे जाऊन सांगू की माझा हात चुकला नव्हता?"

माझा आवाज चढला होता. काउंटर पुसायचा फडका मी इतका पिळला होता की बोटं दुखायला लागली.  ताटातलं मांस गार होत होतं, त्याला कुणी हात लावला नाही.

"काय करू, सांग," व्हर्लन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तू म्हणशील ते करतो. सनी, मी हात जोडतो."

"सुन-दॉक," मी म्हटलं. "म्हणून बघ."

त्याने ओठ हलवले. जमलं नाही.

मी फडका ठेवला आणि काउंटरच्या मागून बाहेर आले. माझ्यासाठी कोरियन दुकानातून आणून ठेवलेली सोजूची, आमच्याकडच्या दारूची, बाटली फडताळात असते, ती घेतली, दोन पेले घेतले. एक व्हर्लनपुढे ठेवला, एक माझ्यापुढे, आणि त्याच्या अगदी समोर स्टूल ओढून बसले. त्याला वाटलं, मी निवळले. चेहऱ्यावर थोडं हसूसुद्धा आलं त्याच्या. त्याने रिकामा पेला उचलला आणि पुढे केला, दोन्ही हातांनी, मी ऑन्नीच्या बारमध्ये शिकवलं होतं अगदी तसा.

मी बाटली उघडली आणि माझा पेला माझ्या हाताने भरला.

"मिस सनी, नको," ओडेल म्हणाला. रामिरो अर्धवट उठला आणि परत बसला. हटोला काही कळलं नव्हतं, तो एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता.

हात जराही हलला नाही. बाटली कुठली, हे मला या वेळी पक्कं ठाऊक होतं. मी पेला एका घोटात संपवला. व्हर्लनने हात मागे घेतले नव्हते. 

"तीन वर्षं," तो पुटपुटला. "बरं. तीन वर्षं भोगतो."

मी माझा पेला पुन्हा भरला.